सायकलबद्दल नेहमी येणारे प्रश्न: परभणीतल्या एका सायकल दुकानातून

आमचं परभणीत सायकलचं छोटं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं, आता मी बघतो. सायकलबद्दल मी अधूनमधून लिहीत असतो, त्यामुळं लोकं सारखं काही ना काही विचारत राहतात, कुणाच्या लेकराला शाळेत प्रोजेक्ट असतो, कुणाची पैज लागलेली असते, कुणाची चेन उतरलेली असते. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच बसून सगळी उत्तरं लिहिली. प्रश्नांना नंबर दिलेत, एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिकडं जाऊन वाचा.

१. सायकल शोधली कोणी? आमच्या लेकराच्या वहीत मॅकमिलन लिहिलंय, बरोबर आहे का?

एका माणसाचं नाव सांगायचंच असेल तर कार्ल फॉन ड्राइस सांगा. जर्मनीतला वनखात्याचा अधिकारी. त्यानं १२ जून १८१७ ला मॅनहाइम गावातून आपलं दोन चाकांचं लाकडी यंत्र बाहेर काढलं आणि साधारण ७ किलोमीटरवरच्या ठिकाणी जाऊन परत आला, सगळं मिळून तासाभरात. त्याला पायडल नव्हते, चेन नव्हती, ब्रेकही नावापुरता. बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन मागं ढकलत पळायचं. पण दोन चाकं एकामागं एक ठेवून हँडलनं तोल सांभाळता येतो ही मोठी गोष्ट त्याच माणसानं पहिल्यांदा करून दाखवली.

स्कॉटलंडच्या मॅकमिलन नावाच्या लोहारानं १८३९ च्या आसपास पायडलची सायकल केली ही गोष्ट आपल्याकडं बऱ्याच पुस्तकांत आहे. ती पसरवली त्याच्या नात्यातल्या माणसानं, तीही पन्नासेक वर्षांनी, आणि ठोस पुरावा हाती लागलेला नाही. म्हणून वहीत ड्राइस लिहायला सांगा, मॅकमिलनबद्दल "असा दावा आहे" एवढंच.

ड्राइसला हे सुचलं का, यावर काही इतिहासकार असं म्हणतात की १८१५ ला इंडोनेशियात टांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेनं पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, चारा महागला, घोडे पोसणं परवडेना, म्हणून घोड्याशिवाय चालणारं काहीतरी हवं होतं. हा अंदाज आहे, सिद्ध झालेलं नाही. पण दुष्काळात दावणीची जनावरं बाजारला न्यायची वेळ आलेली ज्यांनी बघितलीय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ड्राइसचं पुढं काही भलं झालं नाही, १८५१ ला तो गरिबीतच वारला.

२. पण लिओनार्दो दा विंचीच्या वहीत सायकलचं चित्र होतं ना?

चित्र होतं. १९७४ ला जगापुढं आलं आणि लई गाजलं. पण बहुतेक अभ्यासकांचं मत असं की ते लिओनार्दोनं काढलेलं नाही, फार नंतर कुणीतरी त्या कागदावर घातलंय. चेन, पायडल, सगळं अगदी आजच्यासारखं आणि तेही पंधराव्या शतकात, तिथंच शंका यायला पाहिजे. पैज लागली असेल तर ही बाजू घेऊ नका.

३. मग पायडल कधी आले?

१८६० च्या दशकात, पॅरिसमधे. मिशो नावाचा लोहार आणि लालमाँ नावाचा कारागीर, दोघांची नावं घेतात आणि श्रेय कुणाचं यावर अजून वाद आहे. पेटंट मात्र लालमाँनं अमेरिकेत जाऊन २० नोव्हेंबर १८६६ ला घेतलं. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला, लहान लेकरांच्या तीनचाकीला असतात ना तसेच. चाकं लाकडाची आणि वर लोखंडी धाव, आपल्या बैलगाडीसारखी. दगडी रस्त्यावर त्याच्यावर बसून हाडं खिळखिळी व्हायची, म्हणून इंग्रजांनी नावच हाडं हलवणारी असं पाडलं होतं.

४. जुन्या फोटोत एक चाक एवढं मोठं आणि एक एवढुसं का असतं? दिखाव्यासाठी का?

दिखाव्याचा काही संबंध नाही, त्यात पक्का हिशोब आहे. पायडल थेट चाकाला असले की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो. म्हणजे लांब जायचं तर चाक मोठं पाहिजे. दीड मीटर उंचीचं चाक घेतलं तर एका फेऱ्यात ४.७ मीटर अंतर. चाक केवढं मोठं घ्यायचं हे चालवणाऱ्याच्या तंगडीच्या लांबीवर ठरायचं, कारण पाय पायडलला पोचायला तर पाहिजे.

आता तुमची घरची काळी सायकल घ्या. पुढच्या चक्राचे दात मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्राचे मोजा. समजा ४८ आणि १८ निघाले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक २.६६ वेळा फिरतं. आपल्या २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे जवळपास ५.९ मीटर! माणसाएवढ्या उंच चाकापेक्षा जास्त, आणि पाय जमिनीला टेकलेले. चेननं काय करून ठेवलं ते इथं कळतं. मी दुकानात येणाऱ्या पोरांना दात मोजायला लावतो, गणितात कच्ची असलेली पोरंसुद्धा हे मन लावून करतात.

त्या उंच सायकलवरून पडलं की माणूस थेट डोक्यावर यायचा. तरी थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस तसल्याच सायकलवर २२ एप्रिल १८८४ ला सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि डिसेंबर १८८६ ला जपानातल्या योकोहामाला पोचला. वाटेत भारतातही आला होता, लाहोर, दिल्ली, आग्रा करत ग्रँड ट्रंक रोडनं कलकत्त्यापर्यंत.

५. आजच्यासारखी सायकल कधीपासून?

१८८५ पासून धरा. इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीनं रोव्हर नावाची सायकल काढली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, पायडल मधे, चेन मागच्या चाकाला. त्याच्या आधी पाच वर्षं हान्स रेनॉल्डनं रोलर चेन काढलेली होती, ती नसती तर हे जमलंच नसतं. ही सायकल एवढी पसरली की पोलिश भाषेत सायकलला आजही "रोवर" म्हणतात. गेल्या १४० वर्षांत धातू बदलले, गिअर आले, पण मूळ आकार तोच आहे. दुसरं कुठलं यंत्र एवढं कमी बदललंय सांगा बरं.

६. हवेचं टायर डनलॉपनं शोधलं हे तरी खरं आहे ना?

अर्धं खरं. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टमधला जनावरांचा डॉक्टर. त्याच्या पोराची तीनचाकी कडक टायरवर खडखड करायची म्हणून त्यानं रबराची नळी हवा भरून चाकाला बसवली, १८८८ ला पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी, १८८९ च्या मे महिन्यात, विली ह्यूम नावाच्या सायकलपटूनं बेलफास्टच्या शर्यतीत ही टायरं लावली आणि सगळ्यांना मागं टाकलं. मग सगळ्यांनाच तसली टायरं पाहिजे झाली.

पण रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट १८४५ लाच घेतलेलं होतं, घोडागाडीसाठी, त्यामुळं डनलॉपचं पेटंट दोनेक वर्षांत रद्द ठरलं. थॉमसनच्या वेळी पायडलची सायकलच नव्हती त्याला काय करणार, वस्तू चांगली असून उपयोग नाही, तिची वेळही यावी लागते.

त्या पहिल्या टायरची एक अडचण अशी की ते रिमला चिकटवलेलं असायचं, पंक्चर काढायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. निघणारं टायर १८९१ ला मिशेलिन बंधूंनी आणलं. त्यामुळंच आज आम्ही दोन पान्हे घालून टायर सोडवतो, ट्यूब बाहेर ओढतो, घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवत फिरवतो आणि बुडबुडा आला की बोट ठेवतो. आपल्याकडं बुडबुडा एका जागी कधीच येत नाही. बाभळीचा काटा ट्यूबच्या आरपार जातो, वरून एक भोक आणि खालून दुसरं, नवशिका एकच भोक बुजवतो आणि तासाभरात सायकल परत दुकानात. आणि काटा टायरमधून काढला का ते आतून बोट फिरवून बघाच, त्याचं टोक मोडून आत राहतं आणि नवीन ट्यूब घातली तरी दुसऱ्या दिवशी हवा गेलेली असते.

७. आपल्याकडं सायकल कुणी आणली? मराठी माणूस कुणी होता का यात?

सायकली इंग्रजांबरोबर आल्या. मराठी माणूस विचाराल तर लक्ष्मणराव किर्लोस्कर. किर्लोस्करांचा सगळा पसारा सुरू झाला तो १८८८ ला बेळगावात काढलेल्या सायकलच्या दुकानापासून. सायकली विकणं, दुरुस्त करणं आणि चालवायला शिकवणं. तिथून पुढं कडबा कापायचं यंत्र, लोखंडी नांगर आणि १९१० ला किर्लोस्करवाडी. आमच्यासारख्या दुकानदाराला हे वाचून जो आनंद होतो तो सांगता येत नाही. मराठवाड्यातल्या ज्या घरात लोखंडी नांगर धरला गेला त्या नांगराचं एक मूळ सायकलच्या दुकानात आहे.

कारखाने म्हणाल तर स्वातंत्र्यानंतर टीआय सायकल्स १९४९ ला मद्रासकडं, ॲटलस १९५१ ला सोनीपतला, हीरो १९५६ ला लुधियानात. हीरो काढणारे मुंजाल बंधू मूळचे आताच्या पाकिस्तानातले, आधी नुसते सायकलचे पार्ट करायचे. १९८६ ला हीरोचं नाव जगातली सगळ्यात जास्त सायकली काढणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. आणि ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी. त्या दिवशी आमच्या दुकानात ॲटलसच्या तीन सायकली दुरुस्तीला उभ्या होत्या, वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

८. भारतातून कुणी सायकलवर जगाची फेरी मारली का?

मारली, आणि तीही शंभर वर्षांपूर्वी. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण निघाले. पूर्ण केली तिघांनी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. इराण, बगदाद, सीरियाचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असं करत १८ मार्च १९२८ ला परत मुंबईत, जवळपास ७१,००० किलोमीटर. ना मोबाईल ना नकाशा धड. वाळवंटात पाण्यावाचून त्यांचे काय हाल झाले असतील याचा विचार करा, आपण एप्रिलमधे परभणीहून जिंतूरला जाताना तीन बाटल्या बरोबर घेतो.

९. लेडीज सायकलला मधली दांडी का नसते? आणि घ्यावी का पोरीला?

दांडी नसते कारण झगा किंवा साडी नेसून पाय वरून टाकता येत नाही. बाकी काही फरक नाही. फक्त दांडीमुळं फ्रेमला जी ताकद येते ती कमी पडू नये म्हणून खालच्या नळ्या जाड किंवा जोड घेतात, त्यामुळं वजन थोडं वाढतं. पोरीला जेन्ट्स सायकल आवडली तर जेन्ट्स घ्या, पोराला बिनदांडीची आवडली तर ती घ्या, आजोबांना तर बिनदांडीचीच सोपी.

घ्यावी का, तर नक्की घ्या. सायकलनं बायकांसाठी जे केलं ते फार मोठं आहे. अमेरिकेत मतदानाच्या हक्कासाठी लढणारी सुझन अँथनी १८९६ ला म्हणाली होती की बायकांना मोकळं करण्यात सायकलनं जगातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त काम केलंय. १८९४ ला बोस्टनची ॲनी लंडनडेरी झगा घालून, १९ किलोची लेडीज सायकल घेऊन जगप्रवासाला निघाली आणि थोड्याच महिन्यांत दोन्ही बदलून पुरुषांची हलकी सायकल घेतली.

लांबचं कशाला, बिहारमधे २००६ पासून नववीच्या पोरींना सायकली दिल्या, त्याचा नंतर अभ्यास झाला तर माध्यमिक शाळेत योग्य वयात नाव असलेल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. आपल्याकडंही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यात मराठवाड्यातले भरपूर तालुके आहेत. जून-जुलैत सकाळी गावाकडच्या रस्त्याला लागा, चार-चार पाच-पाच पोरी दप्तरं कॅरेजला लावून बोलत बोलत चाललेल्या दिसतात. एसटी चुकली म्हणून शाळा बुडाली हे त्यांच्या बाबतीत होत नाही. आई-बापाला माझी एकच विनंती, सायकल मिळाली की महिन्याभरात एकदा नटबोल्ट आवळून घ्या, नवीन सायकलचे ते सैल होतातच.

१०. चालती सायकल पडत का नाही?

शाळेत सांगतात की चाक फिरतं म्हणून, भोवऱ्यासारखं. थोडा भाग तो आहे पण तेवढंच कारण नाही. २०११ ला काही शास्त्रज्ञांनी मुद्दाम अशी सायकल केली की चाक फिरण्याचा परिणाम दुसऱ्या उलट्या चाकानं खोडून टाकला, पुढचं चाक हँडलच्या रेषेच्या थोडं मागं जमिनीला टेकतं त्याचा परिणामही काढून घेतला, तरी ढकलून सोडली की ती आपली आपण तोल सांभाळत गेली. वजन कुठं ठेवलंय त्याचाही यात वाटा असतो. थोडक्यात काय, सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल आपोआप वळतं आणि चाकं परत वजनाच्या खाली येतात, हे का होतं याला एकापेक्षा जास्त कारणं आहेत.

आणि एक गंमत करून बघा. मोकळ्या रस्त्यावर सरळ जाताना उजवीकडं वळायचंय तर हँडल आधी किंचित डावीकडं जातं, मग सायकल उजवीकडं कलते, मग वळते. आपण सगळे हे करतो आणि कुणालाच माहीत नसतं. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बरनं हे नेमकं टिपलं होतं. त्यांचं १८९२ पासून सायकलचंच दुकान होतं, आणि १९०३ च्या त्यांच्या विमानात पंखे फिरवायला चेन आणि दातेरी चक्रंच होती. ज्यांनी लहानपणी कैची शिकलीय, दांडीखालून पाय घालून, अंग एकीकडं आणि सायकल दुसरीकडं कलवून, त्यांच्या अंगात हे विज्ञान आधीच मुरलेलं आहे.

११. डावं पायडल खोलता खोलत नाही, आटे गेले का?

गेले नसतील, तुम्ही उलटं आवळताय. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, उजव्याचे सरळ. कारण असं की पाय दाबला की वजनानं पायडलचा दांडा क्रँकच्या (पायडल ज्या लोखंडी हाताला बसतं त्याच्या) भोकात बारीक बारीक सरकत फिरतो, आणि तो पायडलच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरतो, दोन्हीकडं सरळ आटे ठेवले तर डावं चालता चालता निघून हातात येईल. लक्षात ठेवायला सोपं, पान्हा क्रँकच्या वरच्या बाजूला ठेवा, मागच्या चाकाकडं ओढला की दोन्ही पायडल सैल होतात, पुढच्या चाकाकडं ढकलला की आवळतात. बदललेलं डावं पायडल उजवीकडं बळजबरी घातलं की मात्र आटे खरंच जातात, मग क्रँकच बदलावा लागतो.

१२. काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला जास्त तारा का असतात?

पुढं ३२, मागं ४०. मोजून बघा. मागच्या चाकावर वजन जास्त येतं, वर आपली लोकं कॅरेजला ५० किलोचा कट्टा नाहीतर दोन्हीकडं दुधाचे कॅन लावतात, आणि चेनचा ओढाही त्याच चाकाला. तारा तिरक्या विणलेल्या असतात तेही ओढ्यासाठीच, १८७४ ला जेम्स स्टार्लीनं काढलेली पद्धत आहे ती, प्रश्न ५ मधल्या स्टार्लीचा चुलता. तार वजन उचलत नाही असं वाटतं कारण ती वाकते, पण सगळ्या तारा ताणून बसवलेल्या असतात आणि त्या ताणावरच चाक उभं असतं. म्हणून एक तार तुटली की चाक आउट होतं, तशीच आठवडाभर चालवली की शेजारच्या पण तुटतात. लगेच आणा.

१३. पायडल थांबवलं की मागून टकटक येते, बिघाड आहे का?

नाही. फ्रीव्हीलमधे स्प्रिंगवर बसलेले छोटे खटके असतात, मिस्त्री लोकं त्यांना कुत्रे म्हणतात, ते दातांवरून घसरतात त्याचा आवाज. पायडल मारूनही चाकाला ओढा लागत नसेल तर कुत्रे झिजलेत किंवा आत चिखल बसलाय. आपली काळी माती पावसाळ्यात मडगार्डमधे तर बसतेच पण तिथंही जाते.

१४. सायकल सगळ्यात जास्त किती जोरात गेलीय?

कशी मोजता त्यावर आहे. पुढं गाडी ठेवून तिच्या आडोशानं, वारा न लागू देता, अमेरिकेत डेनिस म्यूलर-कोरेनेक नावाची बाई १६ सप्टेंबर २०१८ ला ताशी जवळपास २९६ किलोमीटरनं गेली. आडोसा नाही, पण वारा कापणारं कवच लावून, २०१६ ला ताशी १४४ किलोमीटर. आणि साध्या ट्रॅक सायकलवर एका तासात किती अंतर, तर इटलीच्या फिलिपो गान्नानं ८ ऑक्टोबर २०२२ ला ५६.७९२ किलोमीटर. याच प्रकारातला पहिला नोंदलेला विक्रम १८९३ चा, आंरी देग्रांज, ३५.३२५ किलोमीटर. हाच देग्रांज पुढं प्रश्न १५ मधे येतो.

१५. टूर द फ्रान्स कशी सुरू झाली?

पेपर खपावा म्हणून. ल'ओतो नावाच्या खेळाच्या पेपरचा संपादक होता देग्रांज, १९०३ ला त्यानं २,४२८ किलोमीटरची शर्यत भरवली, फक्त सहा टप्पे, म्हणजे एकेक टप्पा सरासरी ४०० किलोमीटर, रात्रीसुद्धा चालवायचं. साठ निघाले, २१ पोचले. मॉरिस गारँ जिंकला, लहानपणी धुराडी साफ करायचं काम करणारा माणूस. आज टीव्हीवर गाड्यांचा ताफा मागं असतो, तेव्हा स्वतःचं पंक्चर स्वतः काढायचं.

१६. सायकलला लायसन लागतं का? आणि बॅटरीवाल्या सायकलला?

साध्या सायकलला लायसन नाही, नोंदणी नाही. घरातली जुनी माणसं बिल्ल्याचं सांगतात तेही खरं, पूर्वी नगरपालिकेचा कर भरून पत्र्याचा बिल्ला लावायचा आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचे.

बॅटरीवाली असेल तर मोटर २५० वॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल तरच ती मोटार वाहन धरत नाहीत, मग लायसन आणि पासिंग लागत नाही. यातली एक जरी गोष्ट जास्त झाली तर ती गाडी झाली, नंबर, लायसन, इन्शुरन्स सगळं आलं. दुकानदार "काही लागत नाही" म्हणाला तर कागदावर मोटरचा आकडा दाखवायला सांगा.

१७. आजोबांची दांडी ब्रेकची सायकल वाड्यात पडलीय, भंगारवाला पैसे देतोय. देऊ का?

भंगारात द्यायच्या आधी तीन गोष्टी बघा. फ्रेमला हँडलच्या खाली, नळ्या जुळतात तिथं चीर गेलीय का, गेली असेल तर नाईलाज. पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ आहे का, समोर उभं राहून बघा. आणि क्रँक धरून आडवा हलवा, खडखडला तर घाबरू नका, कॉटर पिन (क्रँक जागेवर धरणारी खीळ) किंवा आतले छर्रे बदलले की झालं, स्वस्तातलं काम आहे. टायर, ट्यूब, वालट्यूब, ब्रेकचे रबर हे सगळं अजून मिळतं, गंज तर रॉकेलच्या बोळ्यानं बराचसा निघतो. एका आजींनी मागच्या वर्षी अशीच एक आणली होती, तेवीस वर्षं गोठ्यात, मडगार्डवर चिमण्यांनी घरटं केलेलं. पूर्ण ओव्हरऑयलिंग करून दिली. आता त्यांचा नातू तिच्यावर दूध घालायला जातो आणि पुढची दांडी पुसायची नाही असं आजीनं त्याला बजावलंय, तिथं आजोबांनी खिळ्यानं नाव कोरलेलं आहे.